पाळीवरचा ताल

माझा मावसा सुकराम नाचायचा, पण कोणी त्याला नाच म्हटलं की त्याला खपत नसे. हे काम आहे, म्हणायचा. अर्जुनीकडचं आमचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारी माणसं. उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, नवी माती पडली की बाया-माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ढोलाच्या तालावर ती तुडवायची. हे सगळ्याच गावांत चाले. पण मावशाचं डोकं निराळं. तलावात खडे टाकून लाटा बघत बसायचा, येडा कुठला. टाच आधी पडली तर माती कशी दबते, जड माणूस कुठं उभा केला की ओळ कुणीकडं झुकते, हे बघून बघून त्यानं पावलं बसवली. पुढची ओळ दबली की मागची उठायची. काठावरून बघितलं तर पाळीवरून लाट चालल्यासारखी वाटायची. लांबच्या गावांहून लोक बघायला यायचे, आणि आमचा मावसा मान ताठ करून मिरवायचा.

पहिल्या ओळीत, तलावाच्या वळणावर, त्याची बायको असायची. सुमित्राबाई, माझी सख्खी मावशी. ढोल चुकेल, पण तिचा पाय चुकायचा नाही. मी तिच्या मागच्या ओळीत. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हाची ही गोष्ट.

त्या साली पोळ्याच्या तोंडावर पाऊस हात धुऊन मागे लागला. तलाव काठोकाठ भरला आणि वळणावर पाळ बाहेरून पाझरायला लागली. तलावाची देखरेख केशोरावांकडे होती. ते म्हणाले, सांडवा फोडा, पाणी सोडून द्या. धान वाळलं असतं, कबूल. पण माणसं राहिली असती. मावसा मात्र अडून बसला. माती सैल झाली तर तुडवायची, त्यात काय मोठं, म्हणाला. गावानं त्याचंच ऐकलं. ढिली पाळ बघून पाय शिवशिवत नाहीत असं माणूस आमच्यात नव्हतंच.

सकाळी ढोल वाजला आणि आम्ही पाळीवर चढलो. थोड्याच वेळात पाय जड झाले. माती घट्ट व्हायची सोडून दह्यासारखी हलायला लागली. आम्ही जितके एका तालात पाय आपटू, तितकं पाणी वर येत होतं. मावशीनं पाय न चुकवता काठावर उभ्या असलेल्या मावशाकडं मान वळवली.

"माती पाय धरून राहिली जी. थांबू का?"

"थांबू नोको. ताल मोडला का पाळ गेली समज."

ती थांबली नाही. पाळ वळणावरच फुटली, पहिल्या ओळीसकट. मागच्या बाईनं माझं लुगडं धरलं म्हणून मी वाचले. पाणी ओसरल्यावर मावशी खालच्या धानाच्या चिखलात सापडली.

पुढं मावसा परातीत ओला गाळ घेऊन बसायचा. परातीच्या काठावर एका तालात बोटं मारायचा, की गाळावर पाणी यायचं. येईल त्याला दाखवायचा. पाणी प्यायलेली माती तुडवली की तीच पाणी होते, म्हणायचा. आता कळून काय उपयोग, असं मी त्याच्या तोंडावर बोलले. तो परात उचलून निघून गेला.

मग उन्हाळ्यात, कोरड्या तलावात, तो एकटा नाचायला लागला. ढोल नाही. पाय जमिनीवरून उचलायचेच नाहीत. घोट्यात थरथर सुरू व्हायची, गुडघ्यात, कमरेत, मानेत चढायची, आणि तो एक हात पुढं धरून उभ्या उभ्या खचत जायचा. गाव आधी हसलं, मग हसेनासं झालं. लोक गुरं दुसऱ्या वाटेनं न्यायला लागले.

स्वराज्य आलं ते ऐन पावसाळ्यात. मी माहेरी आले होते. तलाव भरलेला, पाळ पुन्हा बांधलेली. तरणी पोरं झेंडा आणि ढोल घेऊन पाळीवर नाचत निघाली, मी मागून चालले होते. वळणावर मावसा आडवा पडला होता, म्हातारा, उघडा, मातीला कान लावून. ढोलवाला मुन्नालाल त्याला म्हणाला, ऊठ बुढ्या, आज खुशीचा दिवस आहे. मावसा हलला नाही.

"थांबा," एवढंच म्हणाला.

मुन्नालालनं ढोलावरचा हात काढला. पोरं ताल सोडून, एकेक करत, खाली शेतात उतरली. मी तिथंच उभी राहिले. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. मावशीनं एवढा एकच शब्द तर मागितला होता.