ब्रदर, जरा ढकला

देवाच्या नावावर अख्ख्या बाजाराला कामाला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही नेमका आमच्या धर्मातला निघाला नाही. आदिलाबादजवळच्या इचोड्यात माझ्या किराणा दुकानाला लागूनच त्यांचं पत्र्याचं चर्च. पास्टर मराठीत सुरू केलेलं वाक्य तेलुगूत वळवून हिंदीत संपवत, आणि समोरच्याला, मग तो तहसीलदार असो की दारुडा, 'ब्रदर' म्हणत. रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीलाही "सिस्टर, जरा उठता का?" असं विचारताना मी त्यांना ऐकलं आहे. म्हैस उठली. माझ्या हाकेला घरातलं माणूसही उठत नाही, तेव्हा या विषयावर मी जास्त बोलत नाही.

त्यांचा खरा संसार म्हणजे एक जुनाट जीप. इंद्रवेल्लीकडच्या जंगलात गोंडांच्या वस्त्या आहेत. तिथली अडलेली बाई, साप चावलेला माणूस, तापानं फणफणलेलं लेकरू, सगळ्यांना ते या जीपमधून आदिलाबादच्या दवाखान्यात पोचवत. जीपचा स्टार्टर बिघडून युगं लोटली होती. पास्टर आधी बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना करत, मग एक डोळा उघडून आमच्याकडं बघत. "प्रभू ऐकून राह्यला, ब्रदर. पण ढकलायचं काम त्यानं तुमच्यावर सोडलं." एवढं म्हणायचा अवकाश, की मी गल्ला सोडून, पंक्चरवाला पाना टाकून, धाब्यावरचे ट्रकवाले ताट सारून धावत सुटत असू. चर्चमध्ये रविवारी जेमतेम चार बाकं भरायची, पण जीपमागं अख्खा बाजार असायचा. माझी बायको म्हणायची, "देवळात जायचं म्हटलं की यांचे गुडघे दुखतात, अन् पास्टरची गाडी ढकलाले बरे चालतात!" एकदा धापा टाकत मी म्हणालो, "पास्टर, स्टार्टर बसवून घ्या की." तर म्हणाले, "बसवला तर तुमी दुकानातून उठाल काऊन?"

पुढं त्यांच्या छातीत दुखू लागलं. हैदराबादच्या मुलानं 'गाडी विकून टाका' असा धोशा लावला. पास्टरांना मरणाची धास्ती नव्हती. आपल्यामागं जंगलातल्या माणसांना कोण आणणार, एवढाच घोर. त्यांनी माझ्याकडं आशेनं पाहिलं, पण मी स्कूटरसुद्धा भिंतीला टेकवून थांबवणारा माणूस. शेवटी त्यांनी बायकोलाच, म्हणजे आमच्या पास्टरम्मांना, कापूस निघालेल्या शेतात जीप शिकवायला घेतली. साठीची बाई पदर खोचून, ओठ दाबून चाक फिरवायची, आणि हे शेजारी बसून स्वतःच्या बायकोला ओरडायचे, "ब्रेक, सिस्टर, ब्रेक!" शिकवणी शेतातच राहिली. गाडी मोठ्या रस्त्यावर यायच्या आधीच पास्टर गेले.

दफनाच्या दिवशी पेटी जीपमध्येच ठेवली होती. निर्मलहून मोठे पास्टर आले होते. आम्ही ढकलायला हात लावणार, तोच जंगलातल्या वस्तीवरची चार माणसं खांद्यावर बाज घेऊन आली. बाजेवर कळा देणारी पोर. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पुढचा म्हातारा म्हणाला, "पास्टरला बोलवा ना, लवकर." दवाखान्याची सरकारी गाडी दुसऱ्या गावाला गेलेली.

पास्टरम्मा पुढं झाल्या. "पेटी उतरवा."

"अम्मा, दफन असं मधेच थांबवत नाहीत," मोठे पास्टर हळूच म्हणाले.

"यांना आता घाई नाही, अय्यगारू. तिला आहे."

मुलानं दार धरलं. "अम्मा, तू हायवेवर कधी गेलीस का?"

"आज जाऊन राह्यले." पदर खोचून त्या चाकामागं बसल्या आणि आमच्यावर कडाडल्या, "काऊन उभे राह्यले? ढकला!"

पेटी उतरवून पोरीला मागं चढवलं आणि ढकललं. जीप गचके खात गेली. मग आम्हीच पेटी खांद्यावर घेतली. चार पावलं टाकली न टाकली, तोच माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "राम बोलो भाई राम!" आणि मागं साऱ्या बाजारानं खणखणीत री ओढली. मोठ्या पास्टरांनी वळून असं पाहिलं की मला पेटीत शिरावंसं वाटलं. सकाळपासून रडणारा मुलगा मात्र खुदकन हसला. "चालू द्या काका," म्हणाला, "बाबांना चाललं असतं."

कब्रस्तानात पंक्चरवाला खड्ड्यापाशी उभा राहिला. "अम्मा आल्याबिगर पेटी उतरणार नाही," त्यानं जाहीर केलं. मोठ्या पास्टरांनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा आमच्याकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं लिंबाच्या सावलीत बसले.

उन्हं कलली तेव्हा पास्टरम्मा आल्या. आमच्याकडं न बघता पेटीवर वाकल्या. "पोरगी झाली," म्हणाल्या. "दोघी बऱ्या हायेत." मग आम्ही पास्टरांना मातीत ठेवलं.

आता जीप त्याच चालवतात. वस्तीवरून निरोप आला की निघतात, मुलानंही विकायचं नाव सोडलंय. परवा गाडी सुरू झाल्यावर, बरोबर जावं म्हणून मी पुढच्या सीटवर चढायला गेलो. पास्टरम्मांनी ती सीट पदरानं पुसली, पण मला काही बसू दिलं नाही. "मागं बसा भाऊ," म्हणाल्या, "तिथून उतरून ढकलायला सोपं जाते." मी मागं बसलो. इचोड्यापासून जंगलापर्यंत त्या ओठ दाबून गाडी हाकत होत्या, आणि प्रत्येक वळणावर त्या रिकाम्या सीटकडं एकदा पाहून घेत होत्या.