पोचल्याचा फोन

वहिनींच्या दाराशी तीन पायपुसणी होती. पहिलं चिखलासाठी, दुसरं पाण्यासाठी आणि तिसरं, त्या म्हणत, "उरलीसुरली लाज पुसायला."

वर्षअखेरीस सिंगापूरला पावसाची झोड उठली की आमच्या ब्लॉकखाली एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, खोदकामाचा तांबडा चिखल पसरे. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातून येणारी कंपनीची बस मला नेमकी तिथेच सोडायची. मी दाराशी पोचलो की आतून आवाज येई, "भाऊजी, तिथेच थांबा. इंजिनिअर झालात म्हणून पाय स्वच्छ होत नाहीत."

मोहनदादा माझे सख्खे भाऊ नव्हेत, ओळखीतले; जहाजावर इंजिनिअर होते. त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांनी मला दिली होती. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच, आणि घरची जमीन सारवलेली. फरशी पुसायला मी वहिनींकडून शिकलो. फडकं घट्ट पिळायचं आणि आतून दाराकडे मागे सरकत यायचं. त्यांनी मला कधी परकं वाटू दिलं नाही.

एवढ्या स्वच्छतेच्या, पण घरचं माणूस प्रवासाला निघालं की त्या झाडूला हात लावत नसत. "माणूस मेल्यावर घर धुतात. पोचल्याचा फोन आल्याशिवाय माझ्या फरशीला पाणी नाही." एकदा मी गावी गेलो आणि फोन करायला विसरलो. परतल्यावर ऐकून घ्यावं लागलं, "तुमच्यापायी दोन दिवस माझ्या घरात मुंग्या नांदल्या."

त्या डिसेंबरात दादा जहाज गाठायला निघाले. टॅक्सीत बसताना त्यांना आठवलं, जहाजावर चढायला लागणारी सीडीसीची पुस्तिका कपाटातच राहिली. पळत वर आले आणि बूट न काढताच आत शिरले. वहिनी तापाने फणफणल्या होत्या. "अहो, बूट," एवढंच म्हणाल्या.

"आल्यावर मीच पुसतो," दादा हसून म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा हॉलमध्ये बुटांचे ठसे वाळून तसेच होते. वहिनी आत झोपल्या होत्या. सकाळी निघालेल्या दादांचा फोन एव्हाना आला असेल, तापामुळे पुसायचं राहिलं असेल, असं मी धरून चाललो. त्यांना उठवून विचारलं नाही. शिकवल्याप्रमाणे आतून दाराकडे सगळं पुसून काढलं.

फोन आला नव्हता. दुसऱ्या दिवशी आला तो दादांच्या कंपनीचा. परक्या बंदराच्या गावी, हॉटेलच्या खोलीत, दादांचं हृदय बंद पडलं होतं.

वहिनींनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊजी, ते फडकं धुतलंत?"

"हो, वहिनी."

"चांगलं?"

"पाणी नितळ होईपर्यंत."

त्यांनी मान हलवली. "मीच तसं शिकवलं होतं."

पुढे त्यांनी फडकं हातात घेतलं नाही. चिखल आत येत राहिला. मी पुसायला वाकलो की म्हणत, "राहू द्या." त्यांचा राहण्याचा पास दादांच्या नोकरीच्या पासवर होता, त्यामुळे त्यांना देश सोडून निघावं लागलं. त्या दिवशीही पाऊस होता. घोटभर पाणी प्यायला त्या खालून परत वर आल्या, चपला घालूनच.

"वहिनी, पोचलात की फोन करा," मी म्हणालो. त्यांनी भांडं ओट्यावर ठेवलं आणि गेल्या.

त्यांच्या चपलांचे ते ठसे मी तसेच ठेवले. त्यांचा नंबर लागेना. मीही फ्लॅट सोडणार होतो; महिनाअखेर घरमालकीण किल्ली घ्यायला आली. फरशीकडे बघत तिथल्या इंग्रजीत म्हणाली, "क्लीन फर्स्ट, लाह." मी तिच्याकडून एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी घरमालकीण सफाईला बाई घेऊनच आली. मी बॅगा घेऊन कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो, फोन हातात धरून. आत बादलीत पाणी पडायला लागलं होतं.