भिंतीवर नसलेलं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीटसं कळत नाही.

कॅनडात, किचनर शहराजवळच्या एका हॉटेलात मी काम करते. रिसेप्शन, बुकिंग, वेबसाइट, पडेल ते. पूर्वी तिथे बिअरची ब्रुअरी होती, एकाच कुटुंबाची. मालक पीटर. लॉबीच्या भिंतीवर घराण्याचा इतिहास लिहायचं त्याच्या मनात आलं आणि काम माझ्याकडे आलं. माहितीसाठी मी त्याच्या आत्याकडे, मार्गारेटकडे, जाऊ लागले. त्या सीनियर होममध्ये असायच्या. नव्वदीच्या, नजर जवळजवळ गेलेली.

बिअर खपेनाशी झाली तेव्हा त्यांचा भाऊ, म्हणजे पीटरचा बाप, सगळं विकायला निघाला होता. मार्गारेट अडून बसल्या. बार्ली वाळवायच्या मजल्यावर त्यांनी सहा खोल्या काढल्या, चादरी स्वतः धुतल्या, पाहुण्यांचा नाश्ता स्वतः केला. हॉटेल सुरू झालं ते असं. पुढे सगळं भावाच्या नावावर गेलं.

"एवढं एक वाक्य लिही," त्या म्हणाल्या. "माझं नाव घालून."

मी लिहिलं. पीटरने त्या वाक्यावर रेघ मारली. "डॅडनी सुरू केलं, असंच सगळ्यांना माहीत आहे."

मी काही बोलले? नाही. वर्क परमिटवर असते तर — पण नव्हते. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, येऊन वर्ष झालं होतं. मग मला भीती कसली होती?

भिंतीच्या उद्घाटनाला मार्गारेट व्हीलचेअरवरून आल्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "वाचून दाखव ना मला."

आणि मी — वाचलं. जे तिथे नव्हतं, ते. त्यांचं नाव, सहा खोल्या, चादरी. पीटरला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पुन्हा एकदा." मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा तर पदरचं एक वाक्य वाढवलं.

तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या बाईला सुख दिलं. तिला दिलं, की स्वतःची सुटका करून घेतली? त्यानंतर त्या होममध्ये सगळ्यांना सांगत राहिल्या — भिंतीवर माझं नाव आहे. मला फोन करून थँक यू म्हणायच्या. प्रत्येक फोनवर खरं सांगता आलं असतं. पीटरशी भांडता आलं असतं. मी नुसती "यू आर वेलकम" म्हणायचे आणि फोन ठेवून द्यायचे.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. फ्युनरलनंतर त्यांच्या तीन मैत्रिणी होमच्या व्हॅनमधून हॉटेलात आल्या. वॉकर ढकलत, बुटांचा बर्फ झटकत. भिंत बघायला.

मी काउंटरवर होते. एकीने बोट ठेवत ठेवत वरपासून खालपर्यंत वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग दुसरीने वाचलं.

"बिचारी मार्गारेट," एक म्हणाली. "शेवटी शेवटी डोकं ठिकाणावर नव्हतं तिचं."

बाकीच्या दोघींनी माना हलवल्या.

मी चार पावलांवर होते. सगळं ऐकलं. पुढे झाले — आणि त्यांना विचारलं, कॉफी घेणार का.