मीटरच्या पलीकडे

“म्हशी आणून सोडूक होयत हय. डबक्याची बरी सोय झाली!”

कुंपणाबाहेर शेजारच्या काकी कुणाला तरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मी आत पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी वाळत घालत होते. हसावं की रागवावं, कळेना. आमच्या फाटकासमोर, रस्त्याच्या काँक्रीटखाली नळाचा पाइप फुटला होता. बाहेर डबकं आणि घरात करंगळीएवढी धार. संध्याकाळी पर्यटक यायचे होते. मी सारखी आत जाऊन नळ सोडून बघत होते. धार तेवढीच.

दुपारी पंचायतीचे एक सदस्य आले, ते थेट आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात. बाबांनी खुर्ची पुढे केली. मीटर फाटकाच्या आत, कुंपणाला लागून आहे. त्यांनी खुर्चीतूनच तिकडे बोट केलं.

“ग्रामसभेत काय ठरलां? मीटराच्या अलीकडचा काम पंचायतीचा, पलीकडचा घरवाल्याचा. बरोबर?”

“बरोबर,” बाबा म्हणाले.

“मगे पाइप फुटलो खंय? मीटराच्या पलीकडे. म्हणजे तो तुमचो.”

बाबांनी मीटरकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. आईनेही पाहिलं. पाइप पलीकडेच फुटला होता, नाही कसं म्हणणार?

काँक्रीट फोडायचं, पाइप बदलायचा आणि रस्ता होता तसा करून द्यायचा. दोन खोल्यांवर आमचं घर चालतं. या सीझनची कमाई त्या खड्ड्यात गेली असती. बाबा हळूच म्हणाले, “ब्रेकरवालो खंय गावतलो आता?”

मी चहा करायला आत गेले. अलीकडे, पलीकडे हे शब्द मला सहज येत नाहीत. शाळा इंग्रजी माध्यमाची. बोलणारा कुठे उभा आहे, हे आधी मनात ठरवावं लागतं, मगच अर्थ लागतो. एकदा खाडीपलीकडचं हॉटेल विचारणाऱ्यांना मी उलट्या वाटेला लावलं होतं. चुलतभाऊ अजून चिडवतात.

आताही तेच करत होते. ग्रामसभा पंचायतीच्या कचेरीत झाली होती. तिथून पाहिलं तर आधी टाकी, मग रस्ता, मग मीटर आणि शेवटी आमचं घर. म्हणजे अलीकडचा भाग रस्त्याचा. सदस्य मात्र आमच्या खळ्यात बसून तोच ठराव सांगत होते. त्यांनी ते मुद्दाम केलं की नकळत, मला आजही सांगता येणार नाही.

चहा उतू गेला. पुसला, पुन्हा ठेवला. वाक्य तोंडात फिरत होतं. प्रमाण मराठीत म्हटलं तर शिष्टपणा वाटेल. मालवणीत म्हटलं तर घरातलेच हसतात. बाहेर बाबा फोनवर ब्रेकरवाल्याला विचारू लागले होते, “उद्या सकाळी येशात?”

मी कप नेऊन दिले. परत आत आले. मग कुणी न मागितलेली बिस्किटं घेऊन पुन्हा बाहेर गेले. सदस्य चहा संपवून उठत होते. आता गेले तर उद्या रस्ता फुटणार आणि खर्च आमचाच ठरणार.

“काका,” मी म्हणाले. आवाज एवढा बारीक निघाला की आईच आधी वळली. मी बशी खाली ठेवली.

“काका, जरा रस्त्यार जावन उभे रवा, नि मगे सांगा, पलीकडे खंय ता?”