डावा पाय

कॉलेजसाठी ती बनवत असलेल्या कॉम्प्युटर गेमचा नायक पडद्यावर सतत पाठमोरा चालत राही. त्याची चाल तिनं बाबांच्या व्हिडिओवरून बसवली होती. सर म्हणाले, "डावा पाय घासतोय. दुरुस्त कर." तिनं व्हिडिओ एकेक फ्रेम करून तपासला. चूक तिची नव्हती.

"बाबा, डॉक्टरकडे चला."

"चप्पल सैल आहे गं. तुझा नायक काय अनवाणी हिंडतो?" मग ते हळूच म्हणाले, "सोमवारी डेपोत ड्रायव्हरांची तपासणी आहे. पाय दिसला तर नोकरी गेली. आईला बोलू नकोस."

तिनं नायकाचा पाय सरळ केला. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"पुन्हा चालव त्याला," म्हणाले, आणि पडद्याकडे बघत तसंच पाऊल उचलायचा सराव करू लागले.