पंचेचाळीसच्या वेगावरची बाई

मी जालना सोडलं तेव्हा स्टँडवर मला पोचवायला तिघं आले होते: आई, अण्णा आणि समोरचे बशीरभाई लाउडस्पीकरवाले. आईने दशम्यांचं गाठोडं दिलं. अण्णांनी सवयीप्रमाणे तोंड वाकडं करून बजावलं, "शिकायला जायचं त जा. पण सुट्टीत येऊन आमाला शानपना शिकवू नको." आणि बशीरभाईंनी जुन्या उर्दू पेपरात गुंडाळलेली एक तबकडी माझ्या मांडीवर ठेवली. "ले जा बेटा. उधर मशीन अच्छी मिलेगी. बाई को बराबर सुनना." साल एक्क्याऐंशी, गाडी पुण्याची.

ही बाई कोण, ते आज गावात राहिलेल्यांना आणि गाव सोडून गेलेल्यांना एकदमच सांगून टाकतो. गेलेले फार माजलेत, आणि राहिलेले त्यांना उगाच भाव देतात.

जालन्याच्या मस्तगड भागात आमच्या खोल्यांसमोर बशीरभाईंचं दुकान होतं. लग्नाकार्याला भोंगे, माइक आणि तबकड्या भाड्याने द्यायचे. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी एकदा गोणीभर तबकड्या उचलल्या, त्यात ही एक विलायती निघाली. मोठी, बिनकव्हराची. मधल्या गोल कागदावर गाणाऱ्याचं नाव होतं, पण ते बाईचं की बाप्याचं हे मस्तगडात कुणाच्या बापाला कळणार? लग्नात असली तबकडी कोण लावून घेतो! पण भोंगा भाड्याने जायच्या आधी वाजवून बघावा लागतो, आणि त्यासाठी सिनेमाची चांगली तबकडी झिजवायला बशीरभाई खुळे नव्हते. मग टेस्टिंगला ही. लग्नसराईत रोज सकाळी अख्खं मस्तगड त्या बाईचं गाणं ऐकायचं आणि एक शब्द कुणाला समजायचा नाही.

आई दारात बसून ज्वारी निवडता निवडता ऐकायची. तिने स्वतःशी ठरवूनच टाकलं होतं की ही सासुरवाशीण आहे. "लई लांब दिली गं बाई हिला," शेजारणीला सांगायची. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी शब्द संपायचे आणि बाई नुसतीच हूं हूं करत वर चढत जायची. तिथे आईचा सुपातला हात थांबायचा. "आता माहेर दिसलं तिला," म्हणायची आणि पुन्हा खडे वेचायला लागायची.

पुण्याच्या होस्टेलवर शिरीष नावाचा एक दिवटा माझा रूम पार्टनर होता. काकाने लंडनहून आणलेला रेकॉर्ड प्लेयर होता त्याच्याकडे, त्यामुळे नाकाने कांदे सोलायचा परवाना मिळालेला. माझी तबकडी बघून तो उडालाच. म्हणे, हा रॉकमधला क्लासिक अल्बम आहे, हा माणूस स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो. मी म्हटलं, माणूस कुठला, बाई आहे. त्याने तबकडी लावली आणि आतून खरंच एक बाप्या निघाला. सर्दी झालेला, जांभया देत गाणारा.

"मशीन बिघडलंय तुझं," मी म्हणालो.

झालं! पोरं हसून हसून लोळली. तबकडी तेहतीसच्या वेगाची होती. बशीरभाईंच्या मशीनचा खटका सिनेमाच्या छोट्या तबकड्यांसाठी पंचेचाळीसवर लावलेला, तो तिथेच गंजून बसलेला. वेग वाढला की आवाज चढतो आणि बाप्याची बाई होते. पुढच्या चार वर्षांसाठी माझं नाव 'पंचेचाळीस' पडलं.

इंग्रजी जरा बरं झाल्यावर मी ती गाणी कान देऊन ऐकली. काय असावं त्यात? मी घर सोडलं, बायको सोडली, मी रस्त्याचा राजा, मला अडवू नका. आणि एवढं बोलून रडगाणंही गायचं! अरे बेट्या, सोडलंस ना घर? मग गळा कशाला काढतोस? गाण्यात फाटके बूट, आणि शिरीषच कौतुकाने सांगायचा की गड्याची समुद्रकाठी दोन घरं आहेत. आमच्या मस्तगडच्या बाईच्या पायाशी बसायची लायकी नव्हती त्याची. दिवाळीला घरी गेलो तेव्हा समोर भोंग्यावर दुसरीच तबकडी चालू होती आणि आई सूप घेऊन बाईची आठवण काढत बसली होती. ती बाई नाही, बाप्या आहे, हे अगदी जिभेवर आलं, पण अण्णांचं वाक्य आठवलं आणि मी गपगुमान फराळ केला.

पुढे मी न्यू जर्सीत आलो. नशीब असं की शिरीषही तिथेच. आता त्याचं बेसमेंट होतं, बेसमेंटमध्ये गाडीच्या किमतीची सिस्टीम होती, आणि महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी सगळे पॉटलकला आपापले डबे घेऊन जमायचे. समोसे खायचे, तोच अल्बम डोळे मिटून ऐकायचा आणि 'आपली मुळं, आपलं गाव' म्हणत नाक शिंकरायचं. गावाला जायचं म्हटलं की मात्र यांना तिकीट महाग आणि तिथलं पाणी बाधतं. ढोंगी लेकाचे!

अण्णा गेले आणि मी आईला इकडे आणलं. कायमची ठेवून घ्यायची, माझं पक्कं ठरलं होतं. जालन्यात आता तिचं होतं कोण? आईने विरोध केला नाही. तिने बोलणंच बंद केलं. दोन महिने खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायची. काही विचारलं तर 'हाव' नाहीतर 'न्हाई'. मी घाबरलो. म्हातारी माझ्याच घरात विझत चालली होती.

एका शनिवारी तिला शिरीषकडे नेलं. अल्बम लागला, सगळ्यांचे डोळे मिटले. त्या शांततेत आई मोठ्याने म्हणाली, "हा बाप्या काऊन रडून राह्यला? जेवला न्हाई का?"

दोनचार जणांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी तिला हळूच सांगितलं, आई, ही बशीरभाईंचीच तबकडी आहे.

"कायबी सांगतो. ती बाई व्हती."

मी उठलो आणि खटका पंचेचाळीसवर टाकला. शिरीष ओरडला, "अरे पंचेचाळीस, वेडा झालास का?" झालो होतो. बाई आली. आईची पाठ ताठ झाली, आणि बया जी बोलायला लागली! बशीरभाई, त्यांचा भोंगा, ज्वारीतले खडे, सगळं त्या बेसमेंटला ऐकवलं. शिरीषची बायको समोसा हातात धरून ऐकत राहिली. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी आईने बोट वर केलं. "आता माहेर दिसलं तिला."

मला वाटलं, जिंकलो. आता राहील. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "माझं तिकीट काढ. ती बाई गाऊन तरी राह्यली. मला इथं तेबी जमत न्हाई."

काढलं. काय करणार?

आता ती मस्तगडातच आहे. बशीरभाई गेले, दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. दर रविवारी मी फोन लावतो, ती म्हणते, "बाईला लाव." मी बशीरभाईंची तबकडी पंचेचाळीसवर लावतो आणि रिसीव्हर स्पीकरपाशी धरतो. गावाच्या नावाने नाक शिंकरणाऱ्यांना मी आजही शिव्या घालतो, पण रविवारच्या या फोनच्या वेळी स्वतः दार लावून घेतो.

गेल्या रविवारी तिसरं गाणं संपताना मी तिच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होतो. पण ती म्हणाली, "लई लांब दिलं रे तुला आमी. दिसलं का माहेर?"

खिडकीतून पार्किंग दिसत होतं.

"दिसलं," म्हणालो.