घोट्याची पकड

माझ्या समोरच्या दाताची जागा रिकामी आहे. नागपूरच्या इतवारीत माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतं, शेठ, दात कुठं गेला? मी सांगतो, उमरेडच्या जंगलात वाघाशी जरा बाचाबाची झाली. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि कुकर घेऊन जातं. वाघ सगळ्यांना पटतो. कबड्डीत गेला, तोही आमच्या लोकांच्या कबड्डीत, असं सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. तीच गोष्ट आज सांगतो. लोक म्हणतात मी फुगवून सांगतो. मी तर आधीच निम्मी कापून सांगतो, नाहीतर ऐकणाऱ्याला झेपणार नाही.

आमचे लोक म्हणजे ज्यांचा जीव पुरुषावर जडतो असे पुरुष, आणि बाईवर जडतो अशा बाया. थंडी सुरू झाली की आम्ही माझ्या दुकानाच्या वरच्या गोदामात जमतो आणि येणाऱ्या दिवसांत काय काय कार्यक्रम करायचे ते ठरवतो. ठरवतो म्हणजे भांडतो. खाली रस्त्यावरच्या हातठेलेवाल्यांना वाटतं वर पातेल्यांची थप्पी कोसळली.

त्या वर्षी एकाला परिसंवाद हवा होता, एकाला तलावावर सहल, एकाला सावजी जेवण. सावजीला मीच विरोध केला. मागच्या खेपेस पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या कानातून धूर निघालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कबड्डी ठेवा. बाया इरुद्ध माणसं."

गोदामात अशी सामसूम झाली की चमचे एकमेकांना लागलेले ऐकू येत होते. बोलली होती ती गार्डबाई. मिहानमधल्या एका कंपनीच्या फाटकावर ती गार्ड आहे. एकदा फाटकाची मोटर बिघडली तेव्हा तिनं ते फाटक एका हातानं लावलं, मध्ये ट्रक उभा असताना. ट्रक सरकला, फाटक नाही.

"हाडं मोडतीन ना वं," आमच्यातला गणिताचा मास्तर म्हणाला.

"मंग? हाडं कायले देल्ली देवानं? शोकेसमंधी ठेवाले?"

कबड्डी ठरली. सरावाच्या दिवशी बायांनी गणिताच्या मास्तरला गॅसच्या सिलिंडरसारखं उचलून रेघेबाहेर ठेवलं. दुसऱ्या एकाची बरगडी दुखावली. मी वयानं थोर, पोटानं त्याहून थोर, म्हणून मला पंच केलं. शिवाय माझा आवाज. मी दुकानातून भाव ओरडलो तर स्टेशनावरची कबुतरं उडतात.

बायांच्या संघात खरी खेळाडू एकच होती. उमरेडच्या पलीकडच्या एका गावची पोट्टी, बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात कामाला. कुणाचाही घोटा धरायची, आणि एकदा धरला की सुटायचा नाही. चढाई करणाऱ्याच्या पायाला मगर लागावी तसं. ही पकड तिच्या भावानं तिला शिकवली होती. कबड्डीत एकदा त्याचा अंगठा उलटा होऊन मोडला होता, तेव्हापासून तो अंगठा चार बोटांच्या आत दाबून पकड करायचा. बहिणीलाही तसंच शिकवलं. दम वाढावा म्हणून गाईच्या पाण्याच्या टाक्यात तिचं डोकं दाबून धरायचा. "मेली तरी सोडू नको," एवढाच त्याचा धडा.

मग तिचं लग्न ठरलं. तिनं घरी सांगितलं की मला पुरुष नको, का नको तेही सांगितलं. त्याच भावानं तिच्या कानाखाली अशी मारली की त्या कानानं तिला अजून ऐकू येत नाही. इथं मी फुगवत नाही. तिनं घर सोडलं. आता घरचे तिला शोधत होते, आणि सापडली तर काय करणार हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. तिचा बरा कान नेहमी दाराकडे असायचा, त्यावरून काय ते समजत होतं.

आमचा एक कडक नियम आहे. कार्यक्रमाच्या जाहिरातीत चेहरा छापायचा नाही. कुणाची नोकरी जाते, कुणाचं घर. म्हणून 'येणारे कार्यक्रम' असं वर लिहून आम्ही जी जाहिरात फोनवर फिरवली, तिच्यावर सरावातला एकच फोटो होता. मातीत रुतलेला एक घोटा, त्याला आवळलेले दोन हात. ना डोकं, ना नाव, खाली फक्त तारीख आणि जागा. आम्ही आपल्या हुशारीवर खूष. जाहिरात फिरत फिरत गावोगावच्या कबड्डीवाल्यांच्या फोनवर गेली. उमरेडकडं एका माणसानं ती मोठी करून पाहिली. अंगठा आत होता.

सामन्यासाठी आम्ही वर्धा रोडच्या आतल्या अंगाला लग्नाचं एक लॉन घेतलं होतं. मुहूर्त नव्हता म्हणून स्वस्त. मालकाला सांगितलं, महिला मंडळाचा क्रीडा महोत्सव आहे. सकाळी मी रेघा मारायला फक्की घेऊन गेलो. पोतं फाटलं. म्हटलं, पडली तर पडू दे, रेघ ठळक दिसेल. मैदान असं पांढरं झालं की वरून जाणाऱ्या विमानाला वाटावं नागपुरात बर्फ पडला. पहिल्या चढाईतच सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायला लागले.

सामना कसला, कत्तल होती. मध्यंतरापर्यंत आमचे निम्मे पुरुष नाकाला बर्फ लावून बसले होते. लॉनच्या मागच्या बाजूला आचारी आदल्या रात्रीच्या लग्नाच्या कढया घासत होते. तेही भिंतीवर चढून पाहायला लागले आणि बायांच्या बाजूनं ओरडायला लागले.

तेवढ्यात एक मोटरसायकल फाटकातून सरळ मैदानात आली. ट्रिपल सीट. चालवणारा रुंद छातीचा, मागचे दोघे, तिचे चुलत भाऊ, हॉकीच्या काठ्या घेऊन. पोट्टी जागच्या जागी थिजली. ओठ हलले, "दादा."

मी पंच. तोंडात शिट्टी घेऊन पुढं गेलो. "सामना चालू आहे, पाव्हणे, रेघेबाहेर उभे रहा," असं म्हणणार होतो. 'सामना'पर्यंत पोचलो. एका चुलत भावानं काठी फिरवली ती शिट्टीवर बसली. शिट्टी गेली, तिच्यासोबत दात गेला. मी फक्कीत पडलो आणि पांढऱ्यावर लाल कसं उठून दिसतं ते पाहत राहिलो. गणिताचा मास्तर मला उचलायला आला, त्याच्या पाठीत दुसरी काठी. ती काठी परत उठली तेव्हा गार्डबाईनं ती हवेतच धरली आणि मांडीवर मोडली. दुसरा चुलत भाऊ हातात उरलेल्या तुकड्याकडं बघत राहिला.

पण भाऊ तोवर पोट्टीजवळ पोचला होता. त्यानं तिची वेणी मुठीत घेतली आणि ओढत निघाला. तिच्या टाचांच्या दोन रेघा फक्कीत उमटत गेल्या.

"पोलिसाले फोन लावा!" कुणीतरी म्हणालं.

"लाव ना! ते येईपर्यंत काय भजन करू?" गार्डबाई धावली. भावानं वेणीला असा हिसका दिला की पोट्टीची मान मागं मोडते की काय असं वाटलं. "एक पाऊल टाक, माय," तो म्हणाला, "हिचा टकुराच उपटून हातात देतो तुया."

गार्डबाई थांबली. आयुष्यात ती थांबलेली मी एकदाच पाहिली.

मग पोट्टी बोलली, मान वाकडी, डोळे वर. "वेणी धरून तं कोनीबी नेते, दादा. चढाई करून ने."

"काय?"

"मले हात लाव अन् रेघेवर ये. आला तं मी मुकाट येईन. नाई आला तं एकटा जाजो. अन् पुन्हा येजो नको."

तो हसला. पण भिंतीवरचे आचारी हसले नाहीत. त्यातला एक ओरडला, "काहून बे, बायकाईले भ्याला काय?" दुसरा म्हणाला, "मोटरसायकलवर बसून चढाई करते वाट्टे थो!" भावाचे कान लाल झाले. गावोगावची मैदानं मारलेला माणूस. त्यानं वेणी सोडली, बूट काढले, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. काठ्या घेऊन आला होता, पण नमस्कार केल्याशिवाय मैदानात उतरला नाही.

मी तोंडात रुमाल कोंबून मध्यरेषेवर उभा राहिलो. समोर बाया चौघी. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." त्याचा आवाज बारीक आणि सरळ, टाचणीसारखा. आत गेला, हूल दिली, आणि बहिणीच्या खांद्यावर अशी थाप मारली की ती गुडघ्यावर आली. शिवलं. आता फक्त परत यायचं. गार्डबाई आडवी आली, त्यानं कोपर मारलं, तिच्या नाकातून रक्ताची पिचकारी उडाली. ती एवढी उंच उडाली की आचाऱ्यानं टोपी काढली. तो रेघेकडं झेपावला आणि हवेतच अडकला. घोटा धरला गेला होता.

तो तोंडावर पडला. "कबड्डी कबड्डी." दुसऱ्या पायानं बहिणीच्या तोंडावर लाथा मारत होता. एक, अजून एक. ओठ फाटला, भुवई फाटली. ती चिकटूनच. गार्डबाई त्याच्या पाठीवर कोसळली आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. ओल्या बांबूसारखा आवाज आला, तो मी ऐकला. तरी त्याचा दम तुटला नाही. दोघींना घेऊन तो सरपटत येत होता. मोडलेला खांदा खाली, दुसरा हात पुढं. हातभर. वीतभर.

"दम सोड, दादा," ती मातीत तोंड खुपसून म्हणाली.

"कबड्डी... कबड्डी..." चेहरा वांग्यासारखा झाला. डोळ्यांतल्या शिरा फुटल्या. मला वाटलं, हा मरतो आता. तिलाही वाटलं असावं, कारण ती रडत होती. पण टाक्यातल्या पाण्यात तिचं डोकं दाबून ज्यानं शिकवलं होतं, त्याचाच धडा ती पाळत होती. बोटांच्या आत अंगठा पांढराफटक पडला होता.

त्याचं बोट रेघेजवळ आलं. "कबड्..." एवढंच निघालं आणि डोकं खाली आदळलं.

"दम तुटला! बाद!" मी दाताविना ओरडलो. कबुतरं उडाली असणार.

पाणी मारल्यावर तो शुद्धीवर आला आणि पहिल्यांदा बोट वर केलं. "लागलं! रेघेले लागलं होतं! पाहा, फक्की!"

बोटाला फक्की होती. खरंच होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"बाबू," मी म्हणालो, "फक्की तं तुया मिशीलेबी हाय. मिशीनंबी रेघ शिवली काय?"

आचारी खदखदले आणि भिंतीवरून खाली उतरले, हातात झारे घेऊन, प्रत्येक झारा वल्ह्याएवढा. चुलत भावांनी ते झारे पाहिले, मोटरसायकल पाहिली आणि भावाला तिथंच टाकून ते निघून गेले.

तो कसाबसा उठून बसला. हात लोंबत होता. बहीण समोर उभी, एक डोळा बंद, ओठ लटकलेला. बराच वेळ त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही, हातांकडंच पाहिलं.

"शेवटी अंगठा बाह्यर आला होता तुया," तो म्हणाला.

"नाई आला." तिनं मूठ त्याच्यासमोर धरली. अजून वळलेलीच होती, उघडत नव्हती.

त्याला हाडाच्या डॉक्टरकडं न्यायला कुणीच नव्हतं. शेवटी मीच त्याला स्कूटरवर मागं बसवलं. ज्याच्यामुळे दात गेला त्याला मिठी मारू देऊन मी वर्धा रोडनं निघालो. मी तोंडातून रक्त थुंकत, तो कण्हत. सिग्नलला बाजूच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "वाघ."

थोडं पुढं गेल्यावर तो मागून म्हणाला, "काका, तुमी पंच होते. देवाची आन घेऊन सांगा. लागलं होतं का नाई?"

"लागलं असतं, अन् नेली असती तू तिले, तं काय केलं असतं?"

एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग सरळ आवाजात म्हणाला, "मारून टाकलं असतं. घरी तसंच ठरलं होतं."

"मंग नाई लागलं," मी म्हणालो.

डॉक्टर अजून बराच लांब होता. वाटेतला एकही खड्डा मी चुकवला नाही.